मोजक्याच रसिकांसाठी

मित्राची आणि माझी रेकॉर्ड कंपनी म्हणजे दासगावातली एक खोली. गावातल्या एका मावशीची भीमगीतं आम्ही तबकडीवर काढली, फक्त शंभर प्रती. जास्त काढल्या असत्या तर खाटेखाली धूळ खात पडल्या असत्या, खरं कारण एवढंच. पण मार्चमध्ये चवदार तळ्याशी स्टॉल लावला तेव्हा फलकावर मी ऐटीत लिहिलं, 'मोजक्याच रसिकांसाठी'. तबकडी वाजवायचं यंत्र कुणाकडेच नव्हतं. लोक मोबाइल पुढे करून म्हणत, "ह्यात टाक ना." मी दुर्मिळ कलेचा रखवालदार असल्यासारखा सगळ्यांना नाही म्हणत होतो. दुपारी मावशी आली. फलक वाचून तिने तळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्या तळ्याचं पाणीपण मोजक्यांसाठीच ठेवलं होतं ना रे?"