चाळीस मिनिटांचं कार्ड

माझ्या भाऊजींच्या दुकानात मेमरी कार्ड घ्यायला गेलेला माणूस कार्ड घेऊन लगेच बाहेर पडला, असं कधी झालं नाही. आधी उलटतपासणी. कॅमेरा कुठला? फोटो काढणार की व्हिडिओ? व्हिडिओ सलग किती वेळ? गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, सगळ्यात मोठं असेल ते द्या ना." की भाऊजींनी चष्मा कपाळावर ढकललाच. "मोठं घेऊन काय करणार? गोदाम अवाढव्य, पण दार एवढंसं असलं तर माल आत जाणार कसा?" कार्डात मावतं किती, याला त्यांच्या लेखी दुसरा नंबर. पहिला नंबर, कार्ड एका सेकंदात किती भरून घेतं याला. कार्डावर बारीक छापलेला व्ही आणि त्याच्यापुढचा आकडा ते नखाने दाखवायचे. तीस असेल तर साधारण काम भागतं, साठ असेल तर बरं, आणि नव्वद असेल तर मग बघायलाच नको. हे सगळं ऐकेपर्यंत निम्मी गिऱ्हाइकं वैतागून शेजारच्या दुकानातून कार्ड घेऊन मोकळी व्हायची. बाजारात त्यांना सगळे 'तपासनीस' म्हणत.

या खोडीला कारण होतं. तरुणपणी भाऊजी समारंभांचं शूटिंग करायचे आणि माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, दिवा धरून उभी राहायची. एकदा एका हेडमास्तरांच्या निरोप समारंभात भाषणाच्या मध्येच कार्डाने मान टाकली. भाऊजींच्या ते लक्षातच आलं नाही. वर्षभराने हेडमास्तर गेले आणि त्यांचा मुलगा ते भाषण मागायला आला. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवताना भाऊजींनी कानाला खडा लावला. तेव्हापासून नवीन कार्ड आलं की ते आधी काठोकाठ भरून बघायचं, भरलेलं सगळं नीट वाचता येतंय का ते तपासायचं, मगच वापरायचं. दुकानातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर या कामाला पाच-सहा तास लागायचे.

"भाऊजी, मुलगी बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी केली होती का?" मी एकदा विचारलं.

"केली असती तर मी कशाला पदरात पडले असते?" ताई दुकानामागच्या घरातून म्हणाली आणि हसली. तिचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

मग ताईचा आवाज बसला. चार महिने गुळण्या, काढे, गोळ्या झाल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन वीस तारखेला. त्यानंतर बोलणं बंद, कायमचं.

ताईची लेक दूर देशी, सातवा महिना, तिला प्रवासाची मनाई. लेकीला लहानपणी झोपवताना ताईने स्वतःच्या मनाने एक गोष्ट रचली होती, शिंक न येणाऱ्या हत्तीची. त्यात एकवीस प्राणी आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. पूर्ण सांगायची तर चाळीस मिनिटं लागायची. ताई म्हणाली, "बाळाला ती माझ्या आवाजात ऐकू दे. एवढं करा, मग कापा काय कापायचं ते."

भाऊजी कामाला लागले. जुन्या मित्राकडून भारीतला कॅमेरा मागून आणला. केस न् केस वेगळा दिसेल असं त्याचं चित्र.

मी म्हटलं, "भाऊजी, फोनवर घेऊन टाका ना. आत्ता, इथे, बसल्या बसल्या."

"फोनवर?" ते भडकले. "नातवंडाला आजी अशी ऐकवायची? डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी? जन्मभर दुसऱ्यांचं शूटिंग केलं. हिचं एकदाच करायचंय, ते नीट करू दे मला."

आणि खरंच, इतक्या वर्षांत ताई एकाही शूटिंगमध्ये नव्हती. ती कायम दिव्यामागे.

दुकानातलं चांगल्यातलं कार्ड घालून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचं शूटिंग करून पाहिलं. बाराव्या मिनिटाला कार्ड तापलं आणि कॅमेरा बंद पडला. दुसरं कार्ड शेजारच्या दुकानातून आणलं. त्यावर आकडा झकास होता, पण माल नकली. पाऊण भरल्यावर आधीचं सगळं पुसलं जायला लागलं. पाच तारखेला त्यांनी थेट मोठ्या व्यापाऱ्याकडे नव्वदवालं कार्ड मागवलं. व्यापारी म्हणाला, चार दिवसांत येईल.

त्याच दिवशी ते ताईला म्हणाले, "आता बोलू नकोस. आवाज जपून ठेव."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं, ही आमचीच अक्कल. सकाळी ताईचा आवाज जरा मोकळा असायचा, दुपारपर्यंत घोगरा व्हायचा. मग आम्हीच ठरवून टाकलं की जितका कमी वापरू तितका त्या दिवशी जास्त मिळेल. तिच्या हातात एक वही आणि पेन्सिल दिली. ती तोंड उघडायला गेली की भाऊजी ओठांवर बोट ठेवायचे. मी नळदुरुस्तीची कामं आटोपून रोज संध्याकाळी जायचो. मला बघितलं की तिच्याच्याने राहवायचं नाही. "अरे, ऐक ना..." ती सुरू करायची आणि मी डाफरायचो, "ताई, गप्प!" लेकीचा फोन आला तरी ती नुसती ऐकायची आणि बोटाने टकटक करायची, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. घराचा परीक्षेचा वर्ग झाला होता. आणि मी मूर्ख, मला त्याचं कौतुक वाटत होतं. म्हटलं, काय शिस्तीत चाललंय सगळं!

चार दिवसांचे अकरा झाले. सोळा तारखेला सकाळी अकरा वाजता कार्ड आलं. मीही तिथेच होतो. ताईने केस विंचरले, ठेवणीतली साडी नेसली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

भाऊजींनी पाकीट फोडलं, कार्ड उजेडात धरून उलटंसुलटं पाहिलं. "संध्याकाळपर्यंत तपासून होईल. उद्या सकाळी घेऊ. सकाळी आवाजही मोकळा असतो."

ताईने वहीत लिहिलं, "आत्ताच घेऊ या ना."

"अगं, मध्येच बंद पडलं तर? पुन्हा पहिल्यापासून सांगायचा दम आहे का तुझ्यात? एक दिवसाने काय होतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातातून कार्ड हिसकावून कॅमेऱ्यात घालायला हवं होतं. एरवी कशावरूनही हमरीतुमरीवर येणारा माणूस मी. त्या दिवशी म्हणालो, "भाऊजींचं बरोबर आहे, ताई. घाई नको." ती उठली आणि साडी बदलून आली.

दुपारी साडेतीनला कार्ड ऐंशी टक्के तपासून झालं होतं. ताई पाणी प्यायला उठली आणि तिचा श्वास अडकला. ओठ काळेनिळे पडले. मी तिला उचलून गाडीत घातलं. भाऊजी चपला न घालताच धावले. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा थांबायला वेळच नव्हता. गाठीने वाट बुजवली होती. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली, श्वास चालू केला. ताई वाचली. आवाज त्या क्षणी गेला. वीस तारखेला उरलेलं सगळं काढलं.

आम्ही घरी परतलो तेव्हा कॉम्प्युटरवर निकाल लागलेला होता. कार्डात एकही दोष नव्हता.

याला आता पाच महिने झाले. लेकीला मुलगी झाली. भाऊजी गिऱ्हाइकांना काही विचारत नाहीत. मागेल ते कार्ड काढून देतात. बाजारात कोणी त्यांना तपासनीसही म्हणत नाही. मला त्यांचा राग येतो, आणि मग माझा स्वतःचा येतो, तो जास्त वेळ टिकतो.

गेल्या रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून गेलो. ताई टेबलाशी शेंगा सोलत होती. भाऊजी तिच्यासमोर बसले आणि इतक्या महिन्यांत जे बोलले नव्हते ते बोलले.

"बाळाची गोष्ट राहिली गं. माझ्यामुळे राहिली."

ताईने हात पुसले, वही ओढली. बराच वेळ लिहीत होती. कागद फाडून तिने त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि माझ्याकडे सरकवला. माझे हात ओले होते, तो टेबलावरच ठेवून मी वाचला.

"गोष्टीचं मनाला लावून घेऊ नका. ती मी सगळी लिहून पाठवली आहे, लेक वाचून दाखवेल तिला. माझ्या मनात वेगळंच येतं. ते अकरा दिवस मला बोलता येत होतं, तुम्ही समोर होतात, आणि मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही."