आपटीनेट

माझी माय मला दिवसातून किती वेळा हट्टी म्हणायची, त्याला सुमार नव्हता. न्हायला उशीर केला की हट्टी, ताटात भेंडी ठेवली की हट्टी. "कितली हट्टी शे वं तू!" हे तिचं वाक्य ऐकल्याशिवाय आमच्या घरात दिवस मावळत नसे. पण याच गुणाला इंग्रजीतही शब्द आहे, आणि तो मास्तरांनी मला वर्गातच बहाल केला आहे, याचा मला पत्ताच नव्हता!

आमचं गाव पांझरेच्या काठी, धुळ्यापासून बैलगाडीच्या वाटेवर. मी धुळ्याला आत्याकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते, आणि मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली होती. एक दिवस भूमितीचा सिद्धान्त सुटेना. घंटा झाली, मुली पसार झाल्या, तरी मी फळा सोडीना. दाराशी खोळंबलेले मास्तर शेवटी हात जोडून हसले आणि म्हणाले, "यू आर अॅन ऑब्स्टिनेट गर्ल!" हात जोडले, वर हसले, म्हणजे शाबासकीच की! मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "हुशारच्या वरचं काहीतरी असेल." मला अगदी पटलं. अशा गोष्टी मला लगेच पटतात.

सुट्टीत गावी गेल्यावर मी हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण लेकीचं कौतुक भारी. दुसऱ्या दिवशी पारावर ते ज्याला-त्याला सांगत होते, "मनी पोर आपटीनेट शे! मास्तर सोता म्हने." साऱ्या गावानं माना डोलावल्या.

मायचं मात्र वेगळंच चाललं होतं. पोर घोडी झाली, आता उजवून टाकायची, हा तिचा घोशा. त्याच सुट्टीत तिनं जळगावच्या एका कचेरीतल्या कारकुनाचं स्थळ आणलं. एकुलता मुलगा, स्वतःचं घर, खाऊन-पिऊन सुखी. लग्न ठरलं असतं तर माझी परीक्षा बुडाली असती, कारण त्यांना तिथी जवळची हवी होती. मी रडले, जेवले नाही, पण माय बधली नाही. हट्ट कुणाकडून आला होता ते सांगायला नकोच. खाण तशी माती.

पाहुणे म्हणजे मुलाचे वडील, डोक्यावर काळी टोपी आणि ओठावर इंग्रजी. मला चालवून पाहिलं, सुई ओवायला लावली. आबांना राहवेना. "तिले इंग्रजी इचारा ना!" ते म्हणाले. पाहुण्यांनी भजं उचलत विचारलं, "शाळेत मास्तर तुला काय म्हणतात?"

मी मान वर केली आणि ठणकावून सांगितलं, "सर, आय अॅम अॅन ऑब्स्टिनेट गर्ल!"

पाहुण्यांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. मग ते असे हसले, की टोपी सावरावी लागली. "अहो, याचा अर्थ ठाऊक आहे का? हट्टी! हेकट! ज्या जनावराला वळण लागत नाही, त्याला इंग्रज हा शब्द लावतो." आबांचा चेहरा खर्रकन उतरला. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पाहुणे मात्र उदार झाले. "हरकत नाही. मुलगी आम्हाला पसंत आहे. शाळा आजपासून बंद करा. हट्टी मुलीला कसं सुधारायचं ते आम्हाला येतं."

आबा मान खाली घालून बसले. आता ते 'बरं' म्हणणार आणि सगळं संपणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून माय बाहेर आली. परक्या पुरुषांपुढं ती कधी यायची नाही. पदर खोचलेला, हातात झारा, तेल टपकतंय.

"मनी पोरले हट्टी मी म्हनसू. तिना बाप म्हनी. तुम्ही कोन म्हननारा?" ती म्हणाली. "शाळा बंद व्हवाव नही. च्या पी ल्या आन निंघा."

पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

वर्षभर स्थळं धुंडाळणारी हीच बाई! मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. इतकी आवडली ती मला त्या दिवशी, की सांगता सोय नाही. सुट्टी संपल्यावर मला गाडीत बसवायला ती स्वतः आली. सामान ठेवता ठेवता म्हणाली, "काय तो तुना शब्द, आपटीनेट? यामा आपटी शे. ती तेवढी खाऊ नको."

नाही खाल्ली. मी पास झाल्याचं कळलं तेव्हा मायनं घरोघर गूळ वाटला आणि प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं, "मनी पोर आपटीनेट व्हई गयी!" अर्थ तिला चांगला ठाऊक होता. हसू दाबत होती लबाड. बाकी बायांना वाटलं, ही मॅट्रिकच्याही वरची एखादी परीक्षा असणार, आणि मायनं कुणाचाच गैरसमज दूर केला नाही.

पुढे मी गावातच मास्तरीण झाले. एक दिवस शेजारची बाई आपल्या लहानगीला घेऊन शाळेत आली. पोरगी दाराची चौकट घट्ट धरून बसली, आत यायलाच तयार नाही. बाई घामाघूम झाली.

"ताई, हिले बी आपटीनेट करी दे," ती म्हणाली.

मी चौकटीवरची ती चिमुकली बोटं पाहिली आणि म्हटलं, "ती शेच. आता फक्त शिकवायचं बाकी आहे."