ठिकाणाचे आकडे

नाना गेले हे मला कळलं ते शोकसभेच्या निमंत्रणावरून. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आदिलाबादच्या ज्या ग्रंथालयानं त्यांना हाकललं, त्याच ग्रंथालयात त्यांच्या तसबिरीला हार! मी गेलो नाही. महिना उलटला, तरी राग निवत नाही.

नाना तिथले ग्रंथपाल, मी त्यांचा सहायक. पुस्तकाचा नंबर बांधायला त्यांनीच शिकवलं. आधी विषय, मग शून्य-नऊ, म्हणजे पुढं ठिकाण येतंय अशी खूण, मग ठिकाणाचे आकडे. आणि ठिकाण ज्या मुलखाबद्दल लिहिलंय त्याचं, लिहिणाऱ्याच्या भाषेचं नव्हे. बाजारहत्नूरच्या एका शेतकऱ्यानं कापसावर मराठीत पुस्तक छापलं होतं. त्यावर नानांनी कापसाचा नंबर घातला आणि पुढं आपल्या जिल्ह्याचा.

निजामी गेली, मग राज्यं भाषेवर वाटली गेली, आम्ही तेलुगू मुलखात राहिलो. नव्या साहेबांनी फर्मान काढलं : मराठी पुस्तक म्हणजे महाराष्ट्र, सगळ्यांना तोच आकडा. अकलेचा कांदा! नानांनी ते पुस्तक त्यांच्यापुढं ठेवून दफ्तरी उर्दूत एवढंच विचारलं, की हा कापूस पिकला कुठं? आठवड्यात नानांची बदली उटनूरला.

आणि पुस्तकांवर नव्या आकड्याच्या चिठ्ठ्या? त्या मी चिटकवल्या. नाना सामान न्यायला आले तेव्हा माझे हात खळीनं भरलेले होते.

“तू काऊन चिटकवून राह्यला रे?”

“नोकरी हाय, नाना.”

ते सामान उचलून निघाले... पुढच्या वर्षी हुकूम आला, परराज्याची पुस्तकं तिकडं धाडा. यादी नंबरावरून निघाली : ज्यावर महाराष्ट्राचा आकडा, ते परराज्याचं. आमच्याच गावांची, आमच्याच शेतांची पुस्तकं पोत्यांत भरून गेली. कुठं गेली, कुणालाच ठाऊक नाही.

परवा उटनूरला नानांच्या घरी काकूंना भेटायला गेलो. त्यांनी एक लाकडी पेटी पुढं सरकवली. आत होती त्या धाडलेल्या पुस्तकांची कार्डं, सगळी नानांनी आठवून आठवून लिहिलेली. विषय होता, शून्य-नऊ होतं. ठिकाण प्रत्येकावर कोरं.

“हे तुमालाच द्याचं म्हणून सांगून गेले,” काकू म्हणाल्या. “म्हणे, चुकीचं ज्यानं लावलं त्यानंच बरोबर लिवावं.”

पेटी आता माझ्या टेबलावर आहे. पुस्तकं परत येणार नाहीत, हे नानांनाही ठाऊक होतं. तरी रोज सकाळी दहा कार्डांवर आपल्या जिल्ह्याचे आकडे लिहितो. शिव्या द्यायला तोंड उघडतो ते साहेबांना... आणि निघतात त्या माझ्याच नावानं.