माडाला मारलेली गाठ

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीवर उभं आयुष्य गेलं. समुद्रात दिवे दिसतात, मागून हाक येते असं सांगणारे पुष्कळ भेटले… मला दिवा कधी दिसला नाही, आणि हाक आली ती बायकोची, जेवायला. शिक्षण चौथी. तुमच्या अंकातले लोकांचे अनुभव वाचून मी हसायचो. आता तुम्ही हसा.

जागा नीट सांगतो, कारण सगळं जागेवरच आहे. मालवणहून आचऱ्याकडे जाताना सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, एक वाट खाली समुद्राकडे उतरते. तिथे आमची वाडी. घरं सात, त्यातली पाच बंद, माणसं मुंबईला. सडा आडवा येतो म्हणून मोबाईलला रेंज नाही. फोन करायचा तर चढ चढून वर जायचं. घरात मी आणि सून, शिल्पा. मुलगा महेश पुण्याला कंपनीत. बायको जाऊन तीन वर्षं झाली.

महेशचं एकच चाललं होतं — "बाबांनू, घराक कुलूप घालया आणि सगळीच पुण्याक जावया." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. मुलापुढे 'मला इथेच राहू दे' म्हणून हात पसरणं मला जमत नाही. शिल्पाने काय ओळखलं कोण जाणे… तिने घरबसल्या करायचं काम शोधलं, कुठल्याशा हॉटेलांचं बुकिंग सांभाळायचं. ते मिळालं तर ती इथेच राहणार, घर उघडं राहणार. नाही मिळालं तर पावसाच्या आधी कुलूप. कंपनीची अट मात्र कडक — इंटरव्यू कॉम्प्युटरवर होणार, आणि मध्येच नेट तुटलं तर विषय संपला. ज्यांच्या घरचं नेट टिकत नाही त्यांना घरून काम कसं देणार, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून नेट घेतलं. कुडाळकडचा बाबल नावाचा वायरमन आला. सड्यावरच्या खांबावरून काळी बारीक वायर आमच्या अंगणातल्या माडापर्यंत आणि तिथून पडवीत.

"काका, ही तांब्याची वायर नाय हां," तो म्हणाला. "आत काच आसा, केसासारखी. त्या काचेतसून उजेड येता, तोच नेट."

"काचेचो दोर?" मी म्हटलं. "उद्या कागदाची होडी आणून विकशीत माका."

पडवीच्या भिंतीवर त्याने दोन पेट्या लावल्या. मला समजेल असं सांगितलं बिचाऱ्याने. "मोडेम म्हणजे धक्को. भायरसून माल हंय उतारता. राउटर म्हणजे पाटी घेऊन घरात फिरणारी बाई, ती सगळ्यांक वाटता." मोडेमवर एक छोटी लाइट. हिरवी म्हणजे चालू. लाल म्हणजे बाहेरून उजेडच येत नाही. एवढं मी पक्कं लक्षात ठेवलं.

इंटरव्यूच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी किनाऱ्यावरून येत होतो, खांद्यावर पागेर — फेकायचं जाळं. अंगणात वायर खाली लोंबत होती, ती पागेरात अडकली. मला राग आला. ही काय काम करायची पद्धत? सैल सोडलेला दोर कधी ना कधी गळ्यात येतो. मी नायलॉनची दोरी घेतली, लोंबणारी वायर दुमडून माडाला लावली, तीन फेरे घेतले आणि रापणीच्या दोराला मारतो ती गाठ मारली. ताण आला की जास्त आवळते अशी ती गाठ. पाय लावून ओढली. मग मागे सरून बघितलं आणि म्हटलं, आता कसं शिस्तीत झालं. दोर जितका आवळावा तितका खात्रीचा, एवढंच मला ठाऊक. काच कशी बांधतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं… आणि मी विचारलंही नव्हतं.

इंटरव्यू अकराला. शिल्पा आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसली, चांगली साडी नेसून. जाताना म्हणाली, "मामांनू, लाइटीवर लक्ष ठेवा हां. लाल झाली तर माका हाक मारा."

मी पडवीत खुर्ची ओढून बसलो, वर बघितलं. लाल.

अकराला पाच मिनिटं कमी होती. ही माझीच करणी, हे मला लगेच कळलं. हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारली की चूकही सांगावी लागणार. मी आयुष्यात कोणाकडे चूक कबूल केलेली नाही, बायकोकडेसुद्धा नाही. उठलो आणि माडाकडे धावलो. गाठ सोडवायला गेलो तर सुटेना. माझीच गाठ! नखं तुटली.

त्या माडाच्या बुडाशी आमच्या राखणदाराचा दगड आहे. जागा राखणारा तो. वर्षातून एकदा त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने बोलून साकडं घालायचं. हे सगळं बायको करून घ्यायची. ती गेल्यावर मी बंद केलं. दगडाला नारळ कशाला, असं म्हणून. आता त्याच दगडापुढे गुडघे टेकले. गाऱ्हाण्याचे शब्दही धड आठवेनात. तोंडातून निघालं ते असं —

"बा राखणदारा, तीन वर्सां तुका नारळ दिलो नाय, माका ठावक आसा. ही चूक माझी. माझ्यार काय तां घाल. त्या चेडवाच्या, माझ्या सुनेच्या, डोक्यार घालू नको. माका हंयसरच रवाचा आसा रे…"

गाऱ्हाणं एकाने म्हणायचं असतं आणि मागच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. माझ्या मागे कोणीच नव्हतं. आणि तेवढ्यात घरातून शिल्पाचा आवाज आला, मोठ्याने, स्वच्छ —

"येस सर… येस सर!"

मला वाटलं लाइट हिरवी झाली. धावत पडवीत आलो. लाइट लाल. आत ती इंग्रजीत बोलते आहे, समोरचा माणूस उत्तर देतो आहे, मध्ये एकदा दोघं हसलेसुद्धा. लाइट लाल. पाऊण तास मी त्या लाल ठिपक्यापुढे बसून होतो, पापणी न हलवता. एका शब्दाला खंड पडला नाही.

ती हसत बाहेर आली. "झाला बरा, मामांनू!" मग तिने वर बघितलं. "अगो बाय… लाल? आत्ताच गेला वाटता. नशीब!" मी मान हलवली. तिने सड्यावर जाऊन तक्रारीचा फोन केला.

दुसऱ्या दिवशी बाबल आला. त्याच्याकडे पेनासारखी एक वस्तू होती, त्यातून लाल उजेड निघतो. तो वायरीत सोडायचा आणि कुठून बाहेर गळतो ते बघायचं. गळला तो बरोबर माझ्या गाठीखाली. माडाच्या अंगावर लाल निखारा ठेवल्यासारखा.

"काच तुटली हा. पुरी," बाबल म्हणाला. "ही गाठ कोणी मारल्यान?"

"वाऱ्यान गुंतली आसतली," मी म्हटलं. शिल्पा बाजूलाच उभी होती, त्या गाठीकडे बघत.

"आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरार दिसता, काल सकाळी सव्वाआठपासून तुमची लाइन मेली हा."

"सव्वाआठ?" शिल्पा म्हणाली. "माझो इंटरव्यू अकराक होतो."

"मगे मोबाईलच्या नेटार केलास आसतला."

"हंय रेंज खंय आसा?"

बाबलने फोन काढून बघितला, अंगणभर फिरला. दुसऱ्या कोणाचं नेट असेल म्हणून शेजारच्या घरांकडे बघितलं, तर ती बंद. मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि मुकाट्याने नवी वायर जोडली, या वेळी सैल ठेवून.

काम तिला मिळालं. महेशही आता इकडे परत यायच्या गोष्टी करतो आहे. मागच्या महिन्यात बंद घरांपैकी एकाचे मालक मुंबईहून आले आणि मलाच विचारलं, काका, तुमच्याकडे नेट नीट चालतं का? घर झाडून घेतलंय त्यांनी.

इथपर्यंतचं सगळं मी वहीत लिहिलं आणि टाइप करायला शिल्पाकडे दिलं. तोंडाने सांगणं जमलं नाही, म्हणून हा मार्ग. वाचत वाचत ती गाठीपाशी आली आणि थांबली.

"वाऱ्याक गाठ मारूक येता काय, मामांनू?"

"तुका ठावक होता?"

"वाडयेत तशी गाठ दुसरो कोण मारता?"

"मगे बोललंस कित्याक नाय, गो?"

"तुमी सांगतालात म्हणान वाट बघी होतंय." मग पुढचं वाचून म्हणाली, "आणि राखणदाराक नारळ चुकलो नाय हां. आयेन जाताना माका सांगल्यान होता. तिनय वर्सां मी देतंय. तुमी जाळ्यार जातास तेव्हा."

इतके महिने मला वाटत होतं, राखणदाराने माझं ऐकलं. तो तिच्यासाठी आधीपासूनच उभा असेल, मी आपला मध्येच जाऊन गुडघे टेकले… की यातलं काहीच नाही? तुटलेल्या काचेतून पाऊण तास उजेड कसा आला, ते बाबलला सांगता येत नाही, मलाही येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर कळवा.

यंदाचा नारळ मात्र मी ठेवणार आहे. 'व्हय म्हाराजा' म्हणायला शिल्पा मागे उभी राहणार आहे.