परतीच्या दारातली पकड

सुलक्षणा घाडी दारात दिसली की जोगेश्वरी पूर्वेतली म्हातारी माणसं आपणहून बाही वर सरकवतात. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी फिरून रक्ताचे नमुने गोळा करायचं तिचं काम. "दुखणार नाही ना गं?" असं कुणी विचारलं तर ती सरळ सांगते, "दुखेल. पण तुम्ही ओरडायच्या आत संपेल." आणि संपतं.

हा तिचा आत्ताचा जन्म. आधीचा कबड्डीतला. मंडळाच्या मुलींच्या संघात सुलू चढाईला निघाली की समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरायच्या. आत घुसायचं, कोपऱ्यातल्या पोरीला पाय लावायचा आणि तिनं मान वळवायच्या आत मध्यरेषा गाठायची. "शिव आणि घरी ये. आत रमू नकोस, ते काय तुझं माहेर नाही," हे कबड्डी शिकवणाऱ्या धोंडिराम सरांनी तिच्या हाडांत मुरवलं होतं. मग एका सामन्यात गुडघा फिरला. ऑपरेशननंतर चालता येऊ लागलं, पण पळता येईना. सुलू कुणापुढे रडली नाही. फक्त मैदानावरून जाणारा रस्ता तिनं टाळायला सुरुवात केली.

धाकटा भाऊ केतन नोकरीसाठी दुबईला गेला, तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला आणि त्यात राहिला एक लष्करी गोळीबाराचा खेळ. पडद्यावर आपले फक्त दोन हात दिसतात आणि हातात बंदूक. बाकी जग सैनिकाच्या डोळ्यांनी बघायचं. एकट्यानं खेळायच्या मोहिमेत शत्रूचे सैनिक कॉम्प्युटरच चालवतो. सुलूनं ती मोहीम सोपी करून खेळली, अवघड करून खेळली, मग इतक्या वेळा खेळली की कुठल्या भिंतीआडून कोण डोकं काढणार हे तिला शेजाऱ्यांच्या सवयींसारखं पाठ झालं.

"गो, मेलंस काय परत?" आई, लताबाई, स्वयंपाकघरातून विचारायची.

"नाही गं, मारलं!"

"मारून झाला असात तर जेवूक ये. ते खंय पळान जाणत नाय."

अशात सुलूच्या कानावर आलं की मंडळाच्या पोरांनी याच खेळाचा ऑनलाइन संघ काढलाय. रविवारी बोरीवलीच्या एका हॉलमध्ये स्पर्धा होती, आणि पाच जणांतला एक पुण्याला नोकरीला गेला होता. त्या संध्याकाळी सुलू कित्येक वर्षांनी मैदानावरून चालत मंडळाच्या खोलीत शिरली.

"पाचवा शोधताय म्हणे."

"हो ना ताई," कप्तान शौनक म्हणाला. कॉलेजातला पोरगा, पण बोलणं चाळीस वर्षांच्या प्रशिक्षकाचं. "आहे का कुणी ओळखीत?"

"आहे. मी."

राखीव खेळाडू नितेश फिस्सकन हसला. त्याचा नेम असा, की समोर गोदाम उभं केलं तर तेही चुकावं. "सुलूताई, हा रंगीत गोळ्या फोडायचा गेम नाही हां."

"माहितीय. आणि मंडळाच्या शिबिरात तुझी पँट कुठे फाटली होती तेही माहितीय. बस खाली."

खोलीत हशा उसळला आणि शौनकनं तिला सरावाला घेतलं. करंडकाशी सुलूला काही देणंघेणं नव्हतं. तिला हवे होते मागून ओरडणारे चार आवाज, जे ती आत घुसली की श्वास रोखून धरतील. मोहीम कितीही जिंकली तरी त्यात टाळी वाजवायला कुणी नसतं.

सराव मुलुंडच्या संघाशी. सगळे आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून. पडद्यावर ओसाड बंदर, मधोमध एक मनोरा. मुलुंडनं तो राखायचा, यांनी ताब्यात घ्यायचा. गोळी लागली की तो डाव संपेपर्यंत बाद.

पहिल्या डावात सुलू लोखंडी दारातून गोदामात शिरली, एकाला उडवलं आणि त्याच दारानं परत. "झकास!" चौघं ओरडले, तिच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या डावात पुन्हा तसंच, पण परतताना दारातच दोघं उभे होते. धाड! तिसऱ्या डावात धाड. चौथ्यातही.

"ताई," हेडफोनमधून शौनकचा आवाज आला, "एकाला मारलं की तू घरी का पळतेस? दूध उतू चाललंय का?"

सुलूनं ठरवलं, या खेपेला परत नाही फिरायचं. पण माणूस टिपला रे टिपला की बोटं आपोआप उलटी वळायची. लोखंडी दार. धाड.

सामना हरल्यावर शौनक मायेनंच बोलला, पण बोलला. "उद्या शेवटचा सराव आहे, परत मुलुंडच. उद्याही हेच झालं तर मला नितेशला घ्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस हां."

"वाईट वाटायचं उद्या बघू," सुलू म्हणाली. तरी हेडफोन काढताना तिचे कान तापले होते.

आईनं ताट वाढलं. "आज कोणी मारल्यान?"

"मुलुंडच्या पोरांनी. दारात पकड लावून बसतात."

"मगे तू त्याच दारान कित्याक येतंस?"

"सवय, आई." आणि घास हातात धरून सुलू थांबली. कॉम्प्युटरचे सैनिक कधी शहाणे होत नाहीत. तीन-चारशेदा त्याच दारातून गेलं तरी ते नव्यानं दचकतात. माणसं मात्र एका डावात शिकतात. कबड्डीत मध्यरेषा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असते, कुठेही गाठा. इथे आपण आपल्या हातानं ती एका दारापुरती आखडून घेतली. बरं, सवय एका रात्रीत सुटायची नाही. मग सुटत नाही तर तिला कामाला लावू.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू व्हायच्या आधीच तिनं तोंड उघडलं. "ऐका रे. मी आत जाणार, एकाला मारणार आणि त्याच दारानं परत येणार."

"परत?" शौनकनं कपाळावर हात मारल्याचा आवाज हेडफोनमधून स्पष्ट आला.

"पाचातला एक मेला. दोघं माझ्यासाठी दारात. मनोऱ्यापाशी किती उरले?"

"दोन."

"आणि तुम्ही चौघं. का गणितातही नितेशलाच घेणार आहेस?"

मग चौघं एकदम हसले.

सुलू शिरली. एक टिपला. वळली, आणि मुद्दाम बूट आपटत दाराकडे धावली. समोरच्यांचा माइक उघडाच होता. "आली रे, बाई आली परत!"

"बाईच आहे. थांबा तिथेच, पोचतेच!"

ती पोचली मात्र नाही. दाराच्या अलीकडे खोक्यांमागे बसून तिनं गोळ्यांचा असा पाऊस पाडला की दारातले दोघं जागचे हलेनात. आत येववेना, दार सोडून जाववेना.

"सुलूताई, धर!"

"धरलेत! तुम्ही मनोरा घ्या, माझ्याकडे काय बघताय?"

मनोरा ताब्यात आला. पुढचा डाव तसाच. त्याच्या पुढच्या डावात मुलुंडवाले शहाणे झाले, दारात कुणी फिरकलंच नाही. तेव्हा सुलू माणूस मारून त्या मोकळ्या दारातून आरामात चालत बाहेर आली आणि उघड्या माइकवर म्हणाली, "आज नाही का कुणी घ्यायला आलं?" तिकडून कुणीतरी कचकचीत शिवी हासडली आणि पुढच्या डावात पुन्हा दोघं दारात उभे राहिले. तिला तेच हवं होतं.

मुलुंड साफ हरलं. आतून लताबाई आल्या, हाताला पीठ तसंच. "जिकलंस?"

"हो."

"मगे एवढ्या मोठ्यान कित्याक वराडतंस? पलीकडचे दचाकतत."

हेडफोनमध्ये शौनक घसा खाकरत होता. "ताई, रविवारी अकराला बोरीवली. जर्सीवर नाव काय टाकू?"

"घाडी. आणि शौन्या, कप्तान तूच रहा."

"थँक्यू, ताई."

"पण डाव चालू असताना बोलणार मी."

"म्हणजे मग मी काय करू?"

"मी आत गेले की श्वास रोखून धर," सुलू म्हणाली. "आणि मनोरा घे."