पिंजलेलाच कापूस

परंड्यात किल्ल्याच्या खंदकाला लागून एक अरुंद गल्ली आहे. त्या गल्लीत माझ्या अब्बांचं गाद्या भरायचं दुकान होतं. आम्ही पिंजारी. जुन्या गादीतला दबून दगड झालेला कापूस काढायचा, मशीनवर पिंजायचा, पुन्हा खोळीत भरून टाके घालायचे, हे त्यांचं काम. आसपासच्या खेड्यांतले लोक बाजाराच्या दिवशी टमटममध्ये गाद्या टाकून आणायचे आणि दिवस मावळायच्या आत भरून घेऊन जायचे. अब्बांच्या भुवयांवर, मिशीवर सदा कापसाचे तंतू. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील पांढरे असतात.

समोरच्या ओट्यावर एक बुरुडीण बसायची. सुपं आणि टोपल्या विणायची. एकटी बाई. आम्ही तिला मावशी म्हणायचो. अम्मी आजारी पडली की आमच्या भाकरी तिच्या चुलीवर व्हायच्या.

मी सोलापूरला समाजकार्य शिकून परत आले तेव्हा गावात किल्ल्याची मोठी योजना आली होती. किल्ला, खालची गल्ली आणि तिथून स्टँडपर्यंतचा रस्ता मिळून 'सांस्कृतिक परिसर' होणार होता. बाहेरचे लोक किल्ला बघायला येतील, मुक्काम करतील, इथल्या कारागिरांच्या वस्तू नेतील, आणि गल्लीतल्या पोरांना पुण्याला जायची पाळी येणार नाही, असं आराखड्यात लिहिलं होतं. मला योजनेच्या कार्यालयात कंत्राटावर काम मिळालं. कारागिरांची यादी करायची आणि त्यांना योजना समजावून सांगायची. यादीत पहिलं नाव मी अब्बांचं लिहिलं.

गल्लीतल्या लोकांची बैठक मीच घेतली. मी सांगितलं, गटार आणि फरशीचं काम होईपर्यंत चार महिने सगळ्यांनी गावाबाहेरच्या पत्र्याच्या गाळ्यांत बसायचं, मग परत यायचं. मावशीनं विचारलं, "किल्ला बघाया आलेला माणूस सूप कशाला नेईल गं? त्याला काय धान्य पाखडायचंय?"

"शोभेसाठी नेतात, मावशी. बारकी बारकी करायची."

ती हसली. "शोभेचं सूप. बरं."

सगळे अब्बांकडं बघायला लागले. गल्लीत तेच वयानं मोठे. अब्बांनी मान हलवली आणि म्हणाले, "पोरगी शिकून आलीय. ती सांगतीय तर जाऊ." मग बाकीच्यांनीही माना हलवल्या. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

गाळे गावाबाहेर, उघड्या माळावर. मावशीला बांबूच्या कांब्या भिजवायला गल्लीत हौद होता. इथं पाणी टँकरनं यायचं, तेही एक दिवसाआड. उन्हात कांब्या तडकायच्या. अब्बांच्या मशीनला वीज जोडून मिळेना. मी अर्जामागून अर्ज केले. शेवटी आराखडा करणाऱ्या बाई पुण्याहून आल्या तेव्हा त्यांनाच विचारलं. त्या चांगल्या होत्या, कामाच्याही पक्क्या. म्हणाल्या, "मशीननं कापसाचा भुरा उडतो, आवाज होतो. पाहुण्यांना जुनी पद्धत बघायची असते. तुझ्या वडिलांकडं धनुकली आहे ना?"

धनुकली होती. आजोबांची. माणसाच्या उंचीची लाकडी कमान, तिला ताणून बांधलेली तात. अब्बांनी तारुण्यातच ती खुंटीला लावली होती, कारण दिवसभर ती चालवली की रात्री हात वर होत नसे.

गाळ्यांच्या उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या कारागिरांसाठी एकसारखे पांढरे सदरे आणि लाल फेटे आले. अब्बांनी फेटा हातात घेऊन उलटसुलट बघितला. आयुष्यभर त्यांच्या डोक्यावर टोपी होती.

"माझी टोपी चालत न्हाय का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"सगळ्यांना एकच आहे, अब्बा. एवढ्या दिवसापुरतं."

त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि माझ्यासमोर डोकं वाकवलं. फेटा मीच बांधला.

पाहुणे आले, भाषणं झाली. मग फोटोवाले अब्बांभोवती जमले. अब्बा धनुकली चालवत होते, कापूस वर उडत होता. कुणी म्हणे इकडं बघा, कुणी म्हणे पुन्हा एकदा. गादी कुणालाच भरून नको होती. कापूस एकदा पिंजून झाला तरी त्यांना थांबू देईनात. ते पिंजलेलाच कापूस पुन्हा पिंजत राहिले. पाहुणे गेल्यावर मी पाणी घेऊन गेले. खोकता खोकता ते खाली बसले होते.

"ह्याला काम म्हणत न्हायत, बेटा," ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

त्यानंतर आठवड्यातून एखादी सहल यायची. पोरं पोरी फोटो काढायची आणि जायची. मी फोन करून सांगायचे, आज बस येतेय. मग अब्बा फेटा घालून बसायचे. एकदा वर्दीची सवय झाल्यासारखे ते तो घरूनच घालून आले आणि वाटेत ओळखीचा माणूस भेटला तेव्हा मान फिरवून पुढं गेले. खेड्यांतल्या गिऱ्हाइकांनी बंद गल्लीशी दोन-चार चकरा मारल्या आणि स्टँडजवळच्या दुकानातून फोमच्या गाद्या न्यायला लागले. चार महिन्यांचं काम दोन वर्षं चाललं.

मावशीनं तेवढी वाट बघितली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात गाळ्यातच तिला भोवळ आली. सावध झाल्यावर तिनं कोयता आणि उरलेल्या कांब्या पोत्यात बांधल्या आणि वाशी तालुक्यातल्या गावी भावाकडं निघाली. मी स्टँडवर सोडायला गेले. बसमध्ये चढताना म्हणाली, "भावजयीच्या हाताखाली ऱ्हायचं आता. बघू किती दिस निभतंय." दिवाळीच्या आधी तिच्या भाच्याचा फोन आला. दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. आम्हाला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गल्ली उघडली तेव्हा खरोखर सुंदर दिसत होती. काळी फरशी, दगडी दिवे, भिंतींवर चित्रं. खोटं कशाला सांगू, काही जणांचं भलंही झालं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं हॉटेल झालं, दोघांनी घरावर खोल्या बांधून मुक्कामाला द्यायला सुरुवात केली. पण आमच्या दुकानाच्या जागेचा मालक अब्बांना खुर्ची देऊन म्हणाला, "चाचा, तुम्ही वडिलांच्या जागी. पण आता इथं कॉफीवाला येतोय. तुमचा भुरा कसा चालंल?" अब्बा उठले, त्याचा हात हातात घेतला आणि घरी आले. मशीन भंगारवाल्याला दिलं. तो उचलून नेत होता तेव्हा अब्बा बाहेरसुद्धा आले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. बार्शीच्या डॉक्टरांनी आयुष्यभराच्या भुऱ्याचं कारण सांगितलं. मीही तेच कारण धरून बसले. ते सोपं होतं. अब्बा दवाखान्यातून परत आले नाहीत.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाल्यावर एकदा मी अम्मीजवळ रडले. म्हणाले, मी त्यांना तिथून उठवलं नसतं तर. अम्मी तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "बैठकीहून आले त्याच दिवशी मला बोलले होते. हे चालणार न्हाय म्हणून."

"मग मान का हलवली?"

"पोरगी चार माणसांत उभी ऱ्हायली होती. बापानंच मान हलवली नसती तर तुझी काय इज्जत ऱ्हायली असती?"

ती मला दोष देत नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं. मला मावशीचा ओटा आठवला, आणि अब्बांच्या पाठोपाठ हललेल्या त्या सगळ्या माना. तेव्हा त्या मला माझ्या बोलण्याला आलेलं यश वाटल्या होत्या.

त्याच महिन्यात कार्यालयातून पुढच्या वर्षाचा करार आला. आता तेर गावात असंच काम सुरू होणार होतं, तिथल्या लोकांशी बोलायला अनुभवी माणूस हवं होतं. कागद दोन दिवस टेबलावर पडून होता. घरात दुसरं कमावणारं कुणी उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी सही केली आणि तेरला जायला धाराशिवची बस धरली.