मौत का कुवा आणि अक्काची गाडी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. चौथी झाली आणि शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा. चारचौघांत बोलायची माझी हिंमत होत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं तर बाया ओटी घेऊन धावतात, मी दार लोटून भाकरी थापत बसते. पण येरमाळ्याच्या यात्रेत जे झालं ते माझ्या स्वतःच्या हातावर झालं...

लताअक्का माझी थोरली बहीण. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आली, तर भावानं तिला गोठ्याशेजारची खोली दिली, तीही उपकार केल्यासारखी. तिथून ती यात्रांमधल्या ‘मौत का कुव्या’वर तिकिटं फाडायला लागली. तुम्ही पाहिला असेल. फळ्यांचा मोठा गोल, त्याच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल गरागरा फिरते आणि माणसं वर कठड्याला उभी राहून खाली बघतात. कुणी नोट पुढं धरली की चालवणारा भिंतीवरून वर येतो आणि हातातून ती ओढून नेतो.

एकदा चालवणारा पोरगा दारू पिऊन पडला. वर लोक शिट्ट्या मारत होते. अक्कानं साडीवर शर्ट चढवला, काष्टा मारला आणि गाडीला किक दिली. रिकाम्या दुपारी ती गुपचूप शिकली होती, हे कुव्यावाल्यालाही माहीत नव्हतं. आमच्या भागात तोवर कुठल्या बाईनं हे केलेलं नव्हतं. पुढच्या यात्रेपासून बोर्डावर तिचा फोटो लागला — दोन्ही हात सोडलेले, वेणी मागं उडतेय.

गर्दी तिच्यासाठी यायची, पगार मात्र पोरांच्या निम्मा. तिनं विचारलं तर कुव्यावाला म्हणाला, “बाईमाणसाला पुरा कशाला? तुला काय बायको पोसायचीय व्हय?”

स्वतःची गाडी असली की गल्ल्यात वाटा मिळतो. म्हणून अक्का माझ्याकडं आली. मी माझं गंठण कळंबला गहाण टाकून तिला पैसे दिले. घरात विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला ठाऊक होतं.

मोकळा गळा किती दिवस लपणार? कळलं तेव्हा आमचे हे सासूबाईंसमोर म्हणाले, “चैताच्या यात्रेपस्तोर गंठण गळ्यात दिसलं पायजे. न्हाय तर तू बी जा कुव्यात फिरायला. दोघी बहिणींचा फोटो लावतेल बोर्डावर. पोरगी मात्र हितंच ऱ्हाईल.”

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. माझी पोरगी तेव्हा दुसरीत होती. हे बोलले ते करणारे माणूस आहेत.

मी चोरून अक्काला फोन केला.

“रडू नको, सुमे,” ती म्हणाली. “गाडी घेतलीय, पैसं जमल्यात. येरमाळ्याला येते. माझ्या हातानं तुझ्या हातात देते, दुसऱ्या कुणाजवळ धाडायचं न्हाय.”

“घरीच ये की गं.”

“तुझ्या घरी? माझ्या पाठीमागं उंबरा धुतेत तुझ्या सासूबाई. तू निस्ती कठड्याला उभी ऱ्हा अन् धाची नोट धर. मला वरची तोंडं दिसत न्हायत, नोटाच दिसत्यात.”

येरमाळ्याला चैताच्या यात्रेत शेतातले चुनखडीचे खडे वेचून ढिगावर टाकायची रीत आहे. मी आणि माझी जाऊ शोभाबाई, दोघींनी खडे वेचले. दोघींचे तळहात पांढरे झाले होते. हे चहाच्या टपरीवर थांबले. आम्ही कुव्याकडं गेलो. बोर्डावर अक्काचा फोटो होताच. भर दुपार होती. पायऱ्या चढून कठड्याला उभी राहिले आणि दहाची नोट पुढं धरली.

दोन गाड्या फिरत होत्या. फळ्या थरथरत होत्या. मग एक गाडी वर आली... वेणी दिसली, निळा शर्ट दिसला. एवढ्या वेगात तोंड काय दिसणार? पण ती माझ्याकडं बघून हसली, हे मी आजही सांगेन. माझ्या तळहातावर काहीतरी जोरात दाबलं गेलं. गाडी खाली गेली.

दहाची नोट गेली होती. तिच्या जागी पाचशेच्या नोटांची सुरळी होती. वर केसांचं लाल रबर, त्यात दोन लांब केस अडकलेले. चुन्यानं पांढऱ्या झालेल्या तळव्यावर काळ्या ऑईलची बोटं उमटली होती.

“शोभाबाई, अक्का बघितली का?”

“कुठली अक्का? दोन पोरं तर फिरत हुती.”

खाली जाऊन तिकिटवाल्याला विचारलं.

“लता? तिनं गाडी घेतल्यापासून ती दुसऱ्या कुव्यात गेली, नगरकडं. आज हितं एक खेळ करायला येते म्हणाली हुती, अजून आली न्हाय.”

“मग फोटो?”

“फोटोवर गर्दी येती ना, बाई.”

घरी परतताना जीपमध्ये फोन आला. नगरकडच्या यात्रेत सकाळच्या पहिल्याच खेळात अक्काच्या गाडीची चेन तुटली होती. ती जागेवरच गेली. तो खेळ उरकून ती येरमाळ्याला निघणार होती.

भाऊ म्हणाला, “तिला गावात आणायची न्हाय.” तिकडंच उरकलं. मला जाऊ दिलं नाही. गाडी तिथल्या कुव्यावाल्यानं ठेवून घेतली. गावात कुणी म्हणालं, बाईनं बाईसारखं राहावं. तोच माणूस दरवर्षी तिकीट काढून कठड्याला शिट्ट्या मारायचा.

शोभाबाई म्हणतात, तिनं कुणाजवळ तरी पैसे धाडले असतील, त्यानं गर्दीत तुमच्या हातात दिले. असेलही. पण मी कठड्याला उभी राहणार हे फक्त अक्काला माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणाजवळ धाडणार नाही असं तीच म्हणाली होती. मी खूप विचार केला. मला उलगडा झालेला नाही.

त्या रात्री यांनी बोटाला थुंकी लावून सुरळी मोजली. अक्का गेली हे त्यांना माहीत होतं.

“पुरं हैत,” म्हणाले, आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी कळंबहून गंठण सुटलं. अक्काकडं माझं आता काहीच राहिलं नाही. सगळे पैसे फिटले.